प्रमोद गर्जेची अडीच तासांची सेवानिवृत्ती

एका सत्तावीस वर्षांच्या धडधाकट पोराला मी सेवानिवृत्त केलं. हो, मीच, या दोन बोटांनी! आणि दिवस कोणता निवडला? ज्या दिवशी त्याच्या नोकरीकडे बघून त्याला पोरगी द्यायची ठरत होती, नेमका तो. हसा, हसून घ्या. आता मीही हसतो. त्या दिवशी मात्र मला दरदरून घाम फुटला होता.

मी आष्टीला एका शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात काम करतो. संगणक विभाग बघतो. विभाग म्हणजे मी एकटाच, आणि एक पंखा, तो माझ्यापेक्षा सीनियर. संस्थेच्या शाखा लांब लांब पसरलेल्या. एक ज्युनिअर कॉलेज तर थेट तलवाड्याला, गेवराई तालुक्यात. तिथली माणसं मी कधी बघितलेलीच नव्हती. मला लागून तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते, त्यामुळे लांबच्या शाखांतले लोक म्हणजे माझ्या लेखी नुसती यादीतली नावं.

संस्थेने एक सॉफ्टवेअर घेतलेलं आहे. रजेचे अर्ज, दाखले, पत्रं, सगळं त्यात. प्रत्येक कर्मचाऱ्याचं एक खातं, मोबाईलवरही उघडतं. उघडलं की फोटो, नाव, पद आणि खाली हिरव्या अक्षरांत ‘सेवेत’. रजेचा अर्ज अजूनही सगळे कागदावरच देतात, हजेरी वहीत लावतात. पण तो हिरवा ‘सेवेत’ मात्र पाव्हण्यारावळ्यांना हौसेनं दाखवतात.

तर एका शनिवारी सकाळी सचिवांनी मला आत बोलावलं. त्यांना सगळे दादा म्हणतात.

“सोमवारी तपासणीची कमिटी येनार हाय,” दादा म्हणाले. “आपली मान्सं किती?”

“एकोणनव्वद, दादा.”

“आन् कॉम्प्युटरात किती दिसत्यात?”

“एकशे सोळा.”

“मंग हे वरचे सत्तावीस कोन हायत? भुतं?”

“सोडून गेलेले, दादा. रिटायर झालेले. त्यांची खाती कोणी बंदच केली नाहीत.”

“आज करा. जेवायच्या आत.”

काम सोपं होतं. कोण कधी गेलं हे प्रत्येकाच्या सेवापुस्तकात लिहिलेलं असतं. सेवापुस्तकं कपाटात. कपाटाची किल्ली आमचे मुख्य लिपिक शेखसाहेब यांच्या खिशात. आणि शेखसाहेब भाचीच्या लग्नाला जामखेडला! दुपारपर्यंत येतो म्हणाले होते. फोन लावला, तर त्यांना माझं ऐकू येईना आणि मला नुसता बँड ऐकू येत होता.

शहाणा माणूस काय करेल? थांबेल. दोन तासांचा तर प्रश्न! पण दादांनी सांगितलं होतं ‘जेवायच्या आत’, आणि मला माझी हुशारी दाखवायची खाज. म्हटलं, किल्ली कशाला पाहिजे? संस्थेचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे की!

ऐका आता माझी अक्कल. आमच्या संस्थेतून कोणीही शाल-श्रीफळ घेतल्याशिवाय घरी जात नाही. शिपाई असो नाहीतर मुख्याध्यापक, निरोप म्हणजे सत्कार, आणि सत्कार म्हणजे ग्रुपवर फोटो. मग मी नियम केला: ज्याच्या अंगावर शाल आणि हातात नारळ, तो गेला. चार वर्षांचे फोटो मागे सरकवत गेलो. एकेक चेहरा, खाली लिहिलेलं नाव, सॉफ्टवेअरमधलं नाव, जुळलं की टिक. मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू, मध्येच उठून मी स्वतःसाठी चहा मागवला.

टिका मोजल्या तर एकतीस भरल्या. पाहिजे होत्या सत्तावीस.

इथं तरी माझं डोकं ठिकाणावर यायला हवं होतं की नाही? नाही आलं. मी म्हटलं, तो एकोणनव्वदचा आकडाच चुकला असणार.

अहो, मी काही बाहेरून आलेला माणूस नाही. चौतीस वर्षं याच जिल्ह्यात काढली. आपल्याकडे नारळ कशाला मिळत नाही? पोरगी मेडिकलला लागली, सत्कार. कबड्डीचा संघ जिंकला, सत्कार. भाऊ सोसायटीवर निवडून आला, त्याचा सत्कार, आणि शेजारी उभा होता म्हणून ह्याचाही. मला स्वतःला आजवर तीन नारळ मिळालेत, त्यातला एक रक्तदानाचा. हे सगळं माहीत असून त्या दिवशी काही म्हणता काही आठवलं नाही.

एकतीस नावं निवडली. ‘सेवा समाप्त’. कारण विचारलं, ‘सेवानिवृत्त’. खात्री आहे का? विचारलं, आहे! दाबलं.

आता या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. खातं बंद झालं की त्या माणसाच्या मोबाईलवर आपोआप निरोपाचा संदेश जातो. तो संदेश कोणी लिहिला होता? मीच, नवीन नवीन लागलो होतो तेव्हा, मोठ्या प्रेमानं. ‘आपण संस्थेच्या सेवेतून मुक्त झाला आहात. आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल संस्था आपली ऋणी आहे. ओळखपत्र व चाव्या आठ दिवसांत जमा कराव्यात. आपले उर्वरित आयुष्य सुखासमाधानात जावो.’

पहिला फोन आला तो चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका सरांचा. आवाज भरून आलेला. “आज आठवन आली व्हय रे संस्थेला? बरं वाटलं. पन चावी मी तवाच देलती.”

मला वाटलं, वा! लोक खूष आहेत.

दुसरा फोन खेळाच्या सरांचा. “ओ, माझी अजून अकरा वर्षं ऱ्हायलीत की! पोरं मैदानावर उभी हायत. त्येंला घरी सोडू का मीच घरी जाऊ?”

मी म्हटलं, “सर, तुमचा नारळाचा फोटो आहे.”

“आरं, ते कबड्डीचं व्हतं!”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तेवढ्यात एका मॅडमचा फोन. त्यांची लेक मेडिकलला लागल्याचा नारळ होता. त्यांच्यामागून चौथा फोन आला, आणि आवाज अनोळखी.

“तुमी संस्थेतून बोलता ना? मी प्रमोद गर्जेचा मामा. आमच्या पोराला कावून काढलं हो?”

प्रमोद गर्जे. तलवाड्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. फोटो डोळ्यांपुढे आला: शाल, नारळ, हसरा चेहरा. नोकरीत कायम झाल्याचा सत्कार होता तो! मी त्याला कायमचाच पाठवला होता.

मामा कड्याहून बोलत होते. प्रमोदला घेऊन मंडळी तिथं सोयरिकीला गेली होती. मुलगी पसंत, मुलगा पसंत, पोहे खाऊन झालेले, सुपारी फोडायची तेवढी बाकी. मुलीच्या वडलांनी, आप्पांनी, सहज विचारलं, नोकरी पक्की हाय ना? प्रमोद म्हणाला, हे बघा. आणि त्यानं मोठ्या तोऱ्यात मोबाईलवर खातं उघडून आप्पांच्या हातात दिलं. हिरव्या ‘सेवेत’च्या जागी लाल अक्षरांत ‘सेवानिवृत्त’! आप्पा बघतायत तोवर वरून संदेशही पडला. उर्वरित आयुष्य सुखासमाधानात जावो.

“मामा, चूक झाली. माझीच चूक आहे. पोरगा नोकरीवर आहे!”

पलीकडून दुसरा, जड आवाज आला. आप्पांचा. “फोनवर कुनीबी कायबी सांगतंय. आमी लेक द्यायलोत, बकरी न्हाई. मानूस पाठवा. तीन वाजता दुसरे पाव्हने यायलेत, तवर बगू.”

मी दादांपुढे जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. दादा रागावले की माझ्या नावाला ‘राव’ लावतात.

“सुनीलराव,” दादा म्हणाले, “पोराचं लगीन मोडलं तर त्याच्या बापाला तुमी तोंड दाखवनार का मी?”

“मी, दादा.”

“मंग निगा. मी शेखसाहेबांना बोलावून घेतो. खाती ते उघडतील. तुमी आता कशालाबी हात लावू नका!”

बंद खातं उघडायला सचिव आणि मुख्य लिपिक अशा दोघांची मंजुरी लागते, माझ्या हातात काही नव्हतंच. दादांनी संस्थेच्या कागदावर ‘सदर कर्मचारी सेवेत कायम आहे’ असं लिहून, सही-शिक्का मारून दिलं. मी गाडीला किक मारली.

कड्याच्या रस्त्यावर मला त्या न बघितलेल्या पोराचंच तोंड दिसत होतं. आमच्याकडं आजकाल पोरांची लग्नं कशी अडतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. नोकरी आहे म्हटल्यावर कुठं एखादं दार उघडतं. वर्षानुवर्षं वाट बघून पोरगा कायम झालेला, आणि मी एका टिकेत त्याचं घर बसायच्या आधी उठवलं होतं. मला खरंच रडू येत होतं.

पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. सतरंजीवर दोन्हीकडची मंडळी भिंतींना टेकून समोरासमोर बसलेली. प्रमोद मध्ये, मान खाली. मी आत गेल्या गेल्या सगळ्यांना हात जोडले आणि कागद आप्पांपुढे धरला.

आप्पांनी चष्मा लावून कागद उलटा-सुलटा बघितला. “शिक्का काय, कुटंबी मिळतोय. मोबाईलमधी दिसत न्हाई ते कावून?”

“दिसंल, आप्पा. साहेब जामखेडहून आले की दिसंल.”

“म्हंजी आजून आलेच न्हाईत?”

प्रमोदनं दहाव्यांदा खातं बघितलं. लाल ते लालच. मामा माझ्याकडे असे बघत होते की मी चहालाही नाही म्हटलं. दोन वाजून गेले, दहा मिनिटं झाली. आप्पा उठून चप्पल शोधायला लागले, दुसऱ्या पाव्हण्यांना आणायला फाट्यावर जायचं म्हणाले.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारातून आवाज आला. मुलगी, ज्योती. ती कड्यालाच दाखले काढून द्यायच्या केंद्रात कामाला होती.

“आप्पा, त्येंला म्हनावं ते अॅप पूर्न बंद करून परत उगडा. आमच्याकडं रोज असंच व्हतंय. उगं तेच जुनं पान बगत बसल्यात.”

प्रमोदनं बंद केलं. परत उघडलं. सगळी सतरंजी त्याच्या मोबाईलवर वाकली.

हिरवं! ‘सेवेत’!

मामांनी मला अशी मिठी मारली की बरगडी वाजली. शेखसाहेब पोचले होते! आत बायका हसायला लागल्या. प्रमोद ज्योतीच्या दाराकडं बघून लाजला आणि ज्योती म्हणाली, “आता सुपारी फोडा बरं लवकर, परत नेट जायच्या आत.”

आणि फोडली हो! मी डोळ्यांनी बघितली. छातीवरचा धोंडा उतरला. पेढा तोंडात टाकून मी आप्पांच्या शेजारी ऐसपैस बसलो, तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. मी आप्पांना दाखवायला म्हणून मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “बघा, आमच्या ऑफिसचाच संदेश!” आणि न वाचताच त्यांच्या हातात दिला.

आप्पांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. “आपन संस्थेच्या सेवेतून मुक्त झाला आहात. आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल…”

प्रदीर्घ! सात महिने!

झालं असं होतं, की शेखसाहेबांची खाती उघडून झाली तेव्हा दादा त्यांना म्हणाले होते, आता त्या सुनीलरावांचं खातं बंद करा, न्हाईतर उद्या माझंबी करील. (काळजी करू नका, सोमवारी उघडलं. नोकरी शाबूत आहे.) पण हे मला नंतर कळलं. तिथं मी पेढा गिळू की थुंकू असा बसलेलो. नोकरीची खात्री द्यायला आलेल्या माणसाचीच नोकरी सगळ्यांदेखत गेली होती.

आप्पांनी संदेश शेवटपर्यंत वाचला. चष्मा काढला. माझ्याकडं बघितलं आणि हळूच, काळजीनं विचारलं, “पाव्हनं, तुमचं लगीन झालेलं हाय ना?”

“झालंय, आप्पा. दोन लेकरं आहेत.”

“मंग बरं हाय,” मोबाईल माझ्या हातात देत आप्पा म्हणाले. “आता सासऱ्याला कळलं तरी मोडत न्हाई.”