बटणांच्या डब्यातला पेनड्राइव्ह

लेक जेवली असेल का, हा माझा रोजचाच प्रश्न. आज त्याच्या आड दुसराच घोर आहे. सकाळपर्यंत तिचे संगणक सुरू झाले नाहीत तर?

ती रात्रशाळेत संगणक सांभाळते. खोलीभर जुनी, धापा टाकणारी यंत्रं. मुख्याध्यापकांनी उद्या भंगारवाल्याला बोलावलंय. "तो येईल तेव्हा सगळे चालू असतील," असं ही त्यांना सांगून बसली. शब्द दिला की मागे हटायचं नाही, ही तिची लहानपणापासूनची खोड.

मग तिनं एक पेनड्राइव्ह तयार केला. संगणकाला लावून एंटर दाबलं, की जुनं सगळं पुसून नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणि शाळेला लागतील तेवढेच प्रोग्रॅम आपोआप बसणार. मधे कुणाला काही विचारायचं नाही. पहिला प्रयोग माझ्या लॅपटॉपवर झाला, कारण तो शाळेतल्या यंत्रांच्याच वयाचा.

"आई, यावर चाललं तर कुठल्याही डबड्यावर चालेल."

"डबडं कुणाला म्हणतेस?"

"लॅपटॉपला गं. तूर्तास."

चाललं. आधी काढून ठेवलेले माझे फोटोही तिनं परत घातले. पण हिला समाधान कुठलं? अजून हलकं हवं म्हणून रोज काहीतरी काढत गेली आणि दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर दर वेळी जुन्यावरच नवं लिहीत गेली. आज संध्याकाळी तिचा फोन आला. शाळेतला एकही संगणक पेनड्राइव्हवरून सुरू होत नव्हता. कोंडा म्हणून पाखडलं, त्यात दाणेच गेले होते.

"जुन्या यंत्रांना लागणारं काहीतरी उडालंय. काय ते शोधतेय. रात्रभर बसेन, पण करीन. आणि तू फोन करू नकोस. जेवलीस का विचारतेस आणि माझी तंद्री मोडते."

म्हणून गप्प होते. आत्ता यांच्या शर्टाला बटण लावायला डबा उघडला, तर तळाशी तो पहिलाच पेनड्राइव्ह. त्या दिवशी ती टेबलावर विसरून गेली होती आणि आवरताना मीच तो डब्यात टाकला होता.

एंटरपासून बोट लांब ठेवूनच तो लॅपटॉपला लावला आणि लॅपटॉप सुरू केला. "चुकून एंटर दाबलंस तर तुझे सगळे फोटो गेले समज," असं तिनं तेव्हाच बजावलं होतं. पडद्यावर तिची सुरुवातीची निळी यादी उमटली, म्हणजे हा अजून चालत होता. मी कशालाही हात न लावता लॅपटॉप बंद केला आणि पेनड्राइव्ह काढून घेतला.

चिडली तर चिडू दे. फोन करते. जेवणाचं विचारणार नाही, निदान आधी तरी.