जवसाच्या फुलाचा निळा

वाशिमच्या जुन्या बाजारात माझ्या अब्बांचं कपडे रंगवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक भट्टी, दोन मोठी पातेली आणि रंगांच्या डब्यांची फळी. बायका दुपट्टा रंगवायला आणतात तेव्हा सोबत नमुना म्हणून कापडाचा तुकडा असतो. खेड्यातल्या बायका मात्र थेट शेतातलाच नमुना आणतात. कोणी करडईची पाकळी, कोणी आंब्याची कोवळी पालवी. अब्बांना असे नमुने फार आवडतात. कापडाचा रंग कोणीही जुळवेल, म्हणतात.

रंग दिव्याखाली पाहायचा नाही, हा त्यांचा कायदा. दुपट्ट्याचा एक कोपरा इस्त्रीने सुकवायचा, उंबऱ्यावर यायचं आणि दिवसाच्या उजेडात तो नमुन्याशेजारी धरायचा.

मी शाळेत विज्ञान शिकवते. एकदा मी शहाणपणाने त्यांना समजावलं होतं, की उन्हात सगळे रंग असतात, पान बाकीचे गिळतं आणि हिरवा तेवढा परत पाठवतं, म्हणून ते हिरवं दिसतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे पानाले जो रंग नको, तो आपण त्याचा म्हणतो," ते म्हणाले. "मंग पानाचा सोताचा रंग कोणता?"

मी चिडून म्हटलं, असले प्रश्न परीक्षेत येत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ते मला विचारायला लागले, "हा निळा बरोबर हाये ना?" त्याआधी त्यांनी रंगाबाबत कधी कोणाला विचारलं नव्हतं. निळा हमखास जास्त पडलेला असायचा. पांढराशुभ्र कुर्ता मळकट म्हणून ते पुन्हा धुवायला टाकायचे. त्यांना मोतीबिंदू होतोय, हे मला कळत होतं. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं की निळा उजेड आत पोचत नाही. फूल आपला रंग पाठवत राहतं, पण दारच बंद.

पहिल्यांदा मी खरं बोलले होते. "थोडा जास्त झाला, अब्बा." त्यांनी दोन दिवस भट्टी पेटवली नाही, नीट जेवलेही नाहीत. अम्मी गेल्यापासून या भट्टीवरच त्यांचा जीव. ती सुटली तर हा माणूस दिवसभर करणार काय, या धास्तीने पुढे प्रत्येक वेळी मी "बरोबर हाये" म्हणत गेले.

त्या हिवाळ्यात केनवडच्या एक मावशी आल्या. त्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक. लेकीच्या साखरपुड्यासाठी त्यांना जवसाच्या फुलाचा निळा हवा होता. पण जवसाचं फूल दुपारपर्यंतही टिकत नाही. एसटीतच पाकळ्या गळाल्या, रुमालात नुसते देठ उरले.

"राहू द्या बाई," अब्बा हसले. "तो रंग माह्या ध्यानात हाये."

त्यांनी आठवणीतून रंगवलं. डोळ्याला पटेपर्यंत निळा टाकत गेले. उंबऱ्यावर आणला तेव्हा दुपट्टा शाईसारखा गडद झाला होता.

"बरोबर हाये ना?"

"बरोबर हाये," मी म्हटलं.

मावशींनी दुपट्टा उलगडला, अंगठ्याने चोळून पाहिला. "रंग पक्का दिसते, भाऊ," एवढंच म्हणाल्या आणि घेऊन गेल्या. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक छटेचं सोडून पक्केपणाचं कौतुक करायला लागलं, की रंगाऱ्याने काय समजायचं ते समजतो. अब्बा उंबऱ्यावर बसले.

"तुले दिसत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग काहून नाही सांगतलं?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. मोतीबिंदूचं, पिवळ्या भिंगाचं, माझ्या भीतीचं.

"डोळ्याचं मले काही नाही, बेटा. उमर झाली. पण मी तुह्या डोळ्यानं रंगवून राह्यलो होतो. आंधळा तू केलं मले."

इतकं मला आयुष्यात दुसरं काही लागलेलं नाही.

महिन्याभराच्या अंतराने दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दुसरी पट्टी निघाल्यावर सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही केनवडला गेलो. मावशींच्या उशिरा पेरलेल्या तुकड्यात अजून फुलं होती. अब्बा बांधावर उकिडवे बसले. एका फुलाखाली बोट धरलं, पण तोडलं नाही.

"एवढा हलका असते हा?" ते म्हणाले. "मी त पार बुडवला होता त्याले."

गडद कापड उजळ करता येत नाही. त्यांनी मावशींकडे नवा दुपट्टा मागितला, फुलं असेपर्यंत रंगवून आणून देतो म्हणाले.

दोन दिवसांनी मी शाळेतून आले तर ते ओला दुपट्टा घेऊन उंबऱ्यावर उभे होते. कोपरा इस्त्रीने सुकवलेला.

"बरोबर हाये ना?"

निळा पार जांभळ्यावर गेला होता. ऑपरेशन फुकट गेलं, हाच पहिला विचार. 'बरोबर' हा शब्द सवयीने ओठांवर आलासुद्धा.

"चुकला, अब्बा," मी म्हटलं. "जांभळा मारते."

त्यांनी दुपट्ट्याची सावकाश घडी घातली.

"दिसते मले. हा मावशीचा नाही, घरातला जुना हाये. मीच मुद्दाम बिघडवला," ते म्हणाले. "तू सांगते का नाही, ते पाह्यचं होतं."

मग त्यांनी आतून दुसरा दुपट्टा आणला, माझ्यासमोर उजेडात धरला आणि म्हणाले, "आता हा सांग."