पंधरा दिवसांची कुंडी

भाड्याच्या घरात सामान साठवता येत नाही. प्रत्येक घर सोडताना निम्मं टाकून द्यावं लागतं. किस्से मात्र साठतात, कारण त्यांना टेम्पो लागत नाही. माझ्याकडचे बहुतेक किस्से सावंतसाहेबांचे आहेत. मी मागितले नव्हते. पण जन्मभर क्लार्की केली, आलेला कागद फाईलला लागतोच.

साहेब आमच्या संस्थेत शास्त्रज्ञ, मी तिथलाच हेडक्लार्क. दोघेही रिटायर झालो, क्वार्टर सुटलं. त्यांची मुलगी ऋचा अमौसीला एअरपोर्टवर नोकरीला, म्हणून त्यांना लखनौ सुटेना. सुमनवहिनींना दमा. त्यामुळे घर बघताना त्यांची एकच अट : आत श्वास घेता आला पाहिजे. ही अट ऐकून घरमालक असे बघत, जणू आम्ही स्विमिंग पूल मागितलाय!

*

पहिलं घर विकास नगरात, तळमजल्यावर. मालक मिश्राजींनी भिंती नुकत्याच रंगवल्या होत्या. ताजा रंग दिसला की मला व्हाइटनर लावलेला कागद आठवतो. खाली काहीतरी असतंच.

आठ दिवसांत वहिनींना खोकला लागला आणि कोपऱ्यातल्या मनीप्लांटची पानं पिवळी पडली. साहेब म्हणाले, "भिंतीत ओल आहे. बुरशी. झाड सांगतंय."

मिश्राजी आले, झाड निरखून पाहिलं. "डॉक्टर साहब, इसे तो नज़र लगी है." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं कुंडीला लिंबू-मिरची बांधली.

तिसऱ्या दिवशी लिंबालाच हिरवी बुरशी आली! आता तरी कबूल करतील, म्हणून आम्ही मिश्राजींना बोलावलं. त्यांनी लिंबू फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "देखा? कितनी तगड़ी नज़र थी!"

*

तेव्हापासून साहेबांनी नियम केला. घर घेण्याआधी तिथल्या प्रत्येक खोलीत एक कुंडी पंधरा दिवस ठेवायची. झाड जगलं तर घर घ्यायचं. साहेबांचा विषय पाण्यातलं शेवाळ. कुंडीतल्या झाडातलं त्यांना तुमच्या-माझ्याइतकंच कळतं. पण शास्त्रज्ञाला तसं सांगायची पद्धत नाही.

मी एवढंच म्हटलं, "साहेब, हवा मोजायचं मशीन मिळतं की."

"आहे माझ्याकडे. टेबलाच्या या टोकाला एक आकडा दाखवतं, त्या टोकाला दुसरा. झाड निदान खरोखर मरतं तरी!"

रिकाम्या घरात कुंड्या ठेवून निघून जाणारी माणसं घरमालकांनी पाहिली नव्हती. एकानं दारातच विचारलं, "टोना-टोटका तो नहीं है?" दुसऱ्याला कॅमेऱ्याचा संशय. त्यानं आमच्यादेखत माती उकरली. आतून एक गांडूळ निघालं. त्यानं ते काडीवर उचलून धरलं आणि गंभीरपणे विचारलं, "ये भी साथ में रहेगा?"

*

सरोजिनी नगरच्या घरात मात्र झाडं अशी तरारली की साहेब हरखून गेले. एका कुंडीला तर नवं पान! ताबडतोब सामान हलवलं.

तिसऱ्या दिवशी वहिनी धापा टाकायला लागल्या. खाली फर्निचर पॉलिश करायचं दुकान. सगळा वास जिन्यातून वर. साहेबांना कळेना, माणसाला बाधतं ते झाडाला कसं बाधलं नाही? वर राहणाऱ्या मालकीणबाईंना आम्ही विचारलं, "अम्माजी, पौधे तो यहाँ एकदम बढ़िया थे?"

अम्माजी मायेनं म्हणाल्या, "होंगे ही! पंद्रह दिन छत पर रखे थे. अंदर तो मर न जाते बेचारे!"

*

त्याच घरात राहून पुन्हा शोध सुरू. या वेळी दलाल होता गुड्डू. त्यानं दाखवलेल्या घरात आम्ही पाच पानांचं एक झाड ठेवलं. पंधरा दिवसांनी पानं निघाली सात, आणि कुंडीवर नर्सरीची चिठ्ठी.

"गुड्डू, ये क्या है?"

"तरक्की है सर!"

मग मी माझं शास्त्र काढलं. रजिस्टर घातलं. प्रत्येक कुंडीला क्रमांक, प्रत्येक पानाची नोंद, खाली मालकाची सही. गुड्डूनं ते रजिस्टर दोन्ही हातांनी आदरानं धरलं, पानं उलटली आणि म्हणाला, "बाबूजी, पत्ता छुट्टी पर जाए तो एप्लिकेशन कौन देगा?"

*

मधल्या काळात वहिनींचा त्रास वाढला. एकदा ऋचाच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली, आम्ही दोघे मागे. डॉक्टरांनी विचारलं, "तकलीफ़ कब से है?"

वहिनींनी तोंड उघडायच्या आत साहेब सांगायला लागले. सोमवारी खालचं पान पिवळं झालं, गुरुवारी देठ काळा पडला, काल टोकं करपली. डॉक्टर निम्मं लिहून थांबले. "मरीज़ कौन है?"

ऋचा भडकली. "बाबा, पौधे को छोड़ो यार, आई को देखो!"

वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भावजी, तुमच्या रजिस्टरात माझंही नाव घाला. रोज कुणीतरी बघेल तरी."

मी क्लार्क. अर्ज तोंडी असला तरी नोंदवून घेतला.

*

शेवटी अलीगंजमध्ये श्रीवास्तवजींचं घर सापडलं. रिटायर्ड मास्तर, एकटे, वरच्या मजल्यावर राहणारे. खाली समोरासमोर खिडक्या, खोल्यांतून त्यांनी लावलेले हिरवेगार फर्न. वहिनी तासभर बसल्या. एकदाही खोकल्या नाहीत. मी घड्याळ लावून बसलो होतो.

साहेबांनी सवयीनं पिशवीतून कुंडी काढली, नियम सांगितला. श्रीवास्तवजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आतून आपलं एक लाडकं फर्न आणून साहेबांच्या हातात ठेवलं.

"हुज़ूर, आप मेरा मकान परखेंगे, तो मैं भी किरायेदार परखूँगा. पंद्रह दिन अपने यहाँ रखिए. ये मर गया तो मकान नहीं मिलेगा."

साहेबांचा चेहरा पडला. फर्न जाणार कुठे? त्याच पॉलिशवाल्या घरात!

दहाव्या दिवशी ते वाळलं. साहेब मला म्हणाले, "ढोबळे, नर्सरीतून हुबेहूब असंच आणू."

वहिनी म्हणाल्या, "माझा खोकला खरा आणि रोप खोटं? काही गरज नाही. हेच न्यायचं."

पंधराव्या दिवशी गेलो. साहेबांनी वाळलेली कुंडी पुढे केली आणि आरोपीसारखे उभे राहिले. श्रीवास्तवजींनी एक पान बोटांत चुरडलं.

"कहाँ रखा था?"

"बैठक में."

"और बहनजी कहाँ सोती हैं?"

"वहीं," साहेब म्हणाले. श्रीवास्तवजींनी आमच्याकडेही पाहिलं, मग खिशातून किल्ली काढून वहिनींच्या हातात दिली.

"बहनजी, आप आज ही आ जाइए." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "आपको पंद्रह दिन बाद देखेंगे!"