दुसऱ्या क्रमांकावरची लाल रेघ

त्या पंधरवड्यात माझी एकही नमाज चुकली नाही, पण मन एकाही नमाजेत नव्हतं. पत्नीच्या टाचेला मधुमेहाची जखम झाली होती. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, एक दिवसाआड जाणत्या हातांनी साफ झाली नाही तर पाय जाईल. पण आमचं विमा कार्ड तिथे चालत नव्हतं. इथे सौदीत आम्हा परदेशी कामगारांना आरोग्य विमा सक्तीचा आहे. कार्ड मात्र कंपनी देईल त्या दर्जाचं, आणि माझं सगळ्यात खालच्या दर्जाचं.

मी हिशेबी माणूस. विम्याच्या यादीतले आमच्या खमीस मुशैत शहरातले चौदा दवाखाने वहीत उतरवले, घरापासूनच्या अंतराप्रमाणे क्रमांक दिले आणि रोज ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावत गेलो. अकरा ठिकाणी ‘अशा जखमा आम्ही बघत नाही’ असा नकार मिळाला. तीन ठिकाणी कुणी उचललाच नाही. तिथे ‘बंद’ लिहून लाल रेघ मारली. पत्नी म्हणाली, “माझा पाय कुठल्या रकान्यात घातलात, तेवढं सांगा.” मला हसू आलं नाही. आपली दुआ कुठवर पोचते तरी का, अशी शंका मनात येऊन गेली, आणि त्या शंकेची लाजही वाटली.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून बाहेर आलो, तर माझ्या चपला जागेवर नव्हत्या. गर्दी पांगली तरी मी अनवाणीच उभा होतो, हातात जखमेच्या पट्ट्यांची पिशवी. पंधरा मिनिटांनी एक वयस्कर सौदी गृहस्थ लगबगीने परत आले. पायात माझ्या चपला.

“माफ कर भाई, घरी गेल्यावर कळलं,” ते मोडक्या हिंदीत म्हणाले. मग पिशवीकडे पाहून, “हे कुणासाठी?”

मी सांगितलं, कार्डाचंही. त्यांनी मशिदीमागच्या इमारतीकडे बोट दाखवलं. “माझी मुलगी तिथे डॉक्टरांची सहायक आहे. अशाच जखमा बघते. तुझं कार्ड तिथे चालतं.”

वहीतला क्रमांक दोन.

“मी फोन केला होता. बंद आहे.”

“कधी केलास?”

“रोज एक वाजता.”

ते खो खो हसले. “किती वर्षं झाली इथे?”

“एकोणीस.”

“एकोणीस! आणि बारा ते चार छोटे दवाखाने बंद असतात, हे ठाऊक नाही? असरच्या नमाजेनंतर, चार वाजता, तिला घेऊन ये. यल्ला, चपला घाल.”

त्या संध्याकाळी त्यांच्या लेकीने पत्नीचा पाय मांडीवर घेतला, बराच वेळ धुतला, आणि म्हणाली, “उशीर झालाय, पण पाय वाचेल.”

जखम भरायला दोन महिने लागले. चपलांची अदलाबदल कुठेही होते, हे मला मान्य आहे. पण दवाखान्याचं दार घरापासून दोन गल्ल्यांवर होतं आणि त्यावर रेघ मी स्वतः मारली होती. ती पुसायला अल्लाने मला पंधरा मिनिटं अनवाणी उभं केलं, एवढंच मी जाणतो. याद्या अजूनही करतो. फक्त आता पेन्सिलीने.