पत्र्यावरचे दगड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही. आता तुम्हाला सांगते आहे म्हणून मी चांगली ठरत नाही. तसं समजूही नका.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. गावोगावचे कारकून, शिपाई खोल्या शोधत फिरायचे. आम्हीही परसात पत्र्याच्या दोन खोल्या उठवल्या. गवंड्यानं बजावलं होतं — पत्र्याखालचे लोखंडी अँगल भिंतीत काँक्रीटनं गाडा, पत्रे हुकांनी आवळा, नाहीतर वाऱ्यापुढं टिकायचे नाहीत. पण काँक्रीटवर रोज पाणी मारावं लागतं. दुष्काळात टँकरचं पाणी भिंतीला पाजायचं? मी अँगल भिंतीवर नुसते टेकवून घेतले आणि पत्र्यांवर दगड ठेवले. सगळेच ठेवतात — नाही का?

भाड्यानं आली ती उदगीरची सुमन. नवरा नव्या कचेरीत शिपाई, एक लहान मुलगी. मला ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपली. हौदावर घागरभर पाणी जास्तच घ्यायची, वर हसायची.

एकदा म्हणाली, "काकू, वारं आलं की पत्रा वर उचलतोय बघा. लेकरू खाली झोपतंय. हूक तरी मारून द्या की."

"लई भ्या वाटत असंल तर दुसरी खोली बघ," मी म्हटलं.

वैशाखात एका संध्याकाळी सोसाट्याचं वावधान सुटलं. अँगलसकट पत्रा उडाला आणि एक दगड आत पडला, मुलीच्या गुडघ्यावर. गल्ली जमली. सगळे आधी वर बघत होते — मग माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणाले, "हिनंच कुरडया वाळू घालायला दगड सरकवले."

झालं. पत्र्यावरच्या तिच्या कुरडया सगळ्यांनीच पाहिल्या होत्या. पण त्याच दुपारी त्या काढून ती खाली उतरल्यावर मी शिडीवर चढून बघून आले होते — तिची काही चूक सापडावी म्हणून. दगड जागच्या जागी होते.

तिच्या नवऱ्यानं तिला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. मला बरं वाटलं. हो, बरंच वाटलं.

मुलीचा पाय कायमचा अधू झाला. आणि सुमनला — हे कसं सांगू? — माझं खोटं हळूहळू पटलं. खोली सोडताना पोरीला कडेवर घेऊन आली. "काकू, मीच सरकवले असतील. माझ्या ध्यानात न्हाई." आणि माझ्या पायांवर वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे. मी मनात ठेवलं न्हाई."