बियाणं देवळात वाटलं

मंडळी, श्रीगोंद्याजवळच्या एका गावाहून आत्ताच परतलो. ही मेल गावोगाव बियाणं वाटणाऱ्या आपल्या गटातल्या सगळ्यांना पाठवतो आहे.

कमी पावसात तग धरणाऱ्या बाजरीचं बियाणं वाटायचं होतं आणि पेरणीआधी त्याला औषध कसं चोळायचं ते दाखवायचं होतं. सावली बघून मी मारुतीच्या देवळाचा सभामंडप ठरवला. गर्दी झाली. पाकिटं संपली.

बाहेर आलो तर बौद्ध वस्तीतल्या कमलबाई उन्हात उभ्या होत्या.

"आत का नाही आलात?"

"आमी देवळात जात न्हाई, सायेब. साऱ्या गावाला ठावं हाय." त्या हसल्या. "भोंग्यातनं ऐकलं समदं. पन हातानं काय करत्यात ते दिसंना. गेल्या साली माझी बाजरी करपली, म्हनून आल्ते."

"उद्या वस्तीवर येऊन दाखवतो."

"या की. चहा पाजते. पन बी हाय का?"

मी रिकामी पिशवी उघडून दाखवली. त्या घराकडे वळल्या.

देवळासमोरच शाळा आहे. सुट्टीमुळे तिची पडवी रिकामी होती, आणि सावलीही तेवढीच. जागा ठरवताना ती मला दिसली होती. तरी माझ्या तोंडून देवळाचंच नाव का निघालं? तुमच्या तोंडून कुठलं निघालं असतं?