काश्यप गोत्राची एमिली

भाऊकाकांची नि माझी शेवटची भेट दवाखान्यात झाली. मी बँकेतून उशिरा पोचले होते आणि परतायची घाई होती. ते म्हणाले, "बेटा, त्या मुलीचं नाव याद आहे ना?" "हो, आहे की," म्हणत मी पर्स उचलली... नाव मला अजिबात आठवत नव्हतं. दोन दिवसांनी ते गेले. आता महिना होईल, पण ती थाप अजून घशात अडकून आहे.

भाऊकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. ब्रह्मा घाटावर जन्म, तिथेच संस्कृतची मास्तरकी, मूलबाळ नाही. आणि ती मुलगी म्हणजे छावणीतल्या जुन्या इंग्रजी कब्रस्तानात निजलेली, कुणा साहेबाची सहा वर्षांची लेक. बापानं तिच्या कबरीवर संगमरवराची केवढी हौस केली होती! नक्षीदार खांब, गुलाबांच्या माळा, वर पंख मिटून बसलेली परी. काका तिकडे शिकवणीला जात आणि त्या सावलीत डबा खात. परीवर चढलेलं शेवाळ त्यांना बघवेना. घरचे देव चिंचेनं घासायची सवय. त्यांनी अख्खा हिवाळा, दर रविवारी, चिंच लावून ती कबर घासली. होळीच्या सुमारास चौकीदारानं कपाळाला हात लावला. "ई का कर दिए पंडितजी! पत्थर है, लोटा थोड़े है!" चिंचेनं संगमरवर खाल्ला होता. आधीच झिजलेलं नाव पुरतं गेलं होतं.

काका कितीतरी दिवस धड जेवले नाहीत. मग पितृपक्षात तर्पण करताना त्यांनी आजोबा-पणजोबांनंतर त्या मुलीचंही नाव घेतलं. माझे वडील भडकले, "अरे, साहेबाच्या पोरीचं गोत्र काय सांगणार तू?"

"माहीत नसलं की काश्यप म्हणतात, दादा. दगडावरचं मी घालवलं, तोंडी तरी राहू दे."

ते मग दर वर्षीचंच झालं. मी पायरीवर बसून हसायची, त्यांना 'चिंचकाका' म्हणायची. ते नाव मात्र कधी नीट ऐकलं नाही.

गेल्या रविवारी कब्रस्तानात जाऊन आले. परी आहे, गुलाब आहेत, खाली नुसता गुळगुळीत दगड. बोटांनी चाचपून पाहिलं, काही लागेना. तिथेच बसून रडले. घरी येऊन काकूला सगळं खरं सांगितलं. तिनं खुंटीवरची त्यांची तर्पणाची पिशवी काढून दिली. आत तांब्याचं ताम्हण, तिळाची डबी आणि घडी पडलेला कागद. पितरांची नावं, आणि शेवटी : एमिली, काश्यप गोत्र.

आमच्याकडे बायका तर्पण करत नाहीत. काकू म्हणाली, "तू जा. कुणी काही म्हटलं तर मी आहे."

काल अमावास्या होती. ताम्हण चिंचेनं घासलं, लख्ख निघालं. घाटावर पाण्यात उभी राहून एमिलीचं नाव स्पष्ट घेतलं. त्यापुढे काकांचं घेतलं, तितकंच स्पष्ट.